नॉर्बर्ट रिल्यू : एकाच वाफेला तीनदा कामाला लावणारा माणूस

ऊस गाळला की रस मिळतो, साखर मिळत नाही. रसापासून साखरेपर्यंत पोहोचायचे तर मधले पाणी घालवावे लागते आणि साखर धंद्यातला इंधनाचा मोठा खर्च या पाण्यातच आहे. हिशेब साधा आहे. रसाचा ब्रिक्स १५ धरला आणि त्याचा ६० ब्रिक्सचा पाक करायचा म्हटले, तर दर १०० किलो रसातून ७५ किलो पाणी वाफ करून उडवावे लागते. ज्यांच्या घरी गुऱ्हाळ आहे त्यांना हे आकड्यांत सांगायची गरज नाही. चरकाला लागतो तेवढा वेळ, आणि मग चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाड लोटत राहण्यात जातो तो वेळ, यांतला फरक त्यांनी अंगावर सोसलेला असतो.

हे पाणी थोड्या इंधनात कसे उडवायचे, याचे उत्तर ज्याने शोधले त्याची ही गोष्ट. नाव नॉर्बर्ट रिल्यू. साखर तंत्रज्ञान शिकलेल्या प्रत्येकाला हे नाव माहीत असते, कारण बाष्पीभवनाचे नियम आजही त्याच्या नावाने शिकवले जातात. ऊस पिकवणाऱ्याला मात्र ते बहुधा कोणी सांगत नाही.

काहिलींची रांग

अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपी नदीच्या मुखाकडे लुइझियाना प्रांत आहे. तिथे न्यू ऑर्लिन्सजवळच्या आपल्या मळ्यावर एत्येन द बोरे या मळेवाल्याने १७९५ साली उसापासून दाणेदार साखर काढून दाखवली आणि त्यानंतर नदीकाठचे मळे उसाखाली गेले. पण तो प्रदेश उसाच्या दृष्टीने उत्तरेला पडतो. हिवाळ्यात तिथे कडक थंडी पडते. हिमाने ऊस मारला की थोड्या दिवसांत रस बिघडतो. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापासून वर्ष संपेपर्यंत, मिळतील तेवढ्या दिवसांत, रात्रंदिवस गाळप उरकावे लागे. तोडीला आलेला ऊस शेतात उभा आहे आणि टोळी येत नाही तेव्हा जिवाची जी घालमेल होते, ती तिथल्या मळेवाल्यांना दर वर्षी होती. फरक एवढाच की तोडणारे, वाहणारे, जाळ घालणारे हात विकत घेतलेल्या गुलामांचे होते.

रस आटवण्याच्या पद्धतीला जमैका ट्रेन म्हणत. आपल्या कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात साधारणपणे एका काहिलीत एक आदण शिजते. तिथे विटांच्या एका लांब चुलवाणावर चार किंवा पाच काहिली ओळीने बसवलेल्या असत. रस प्रथम सर्वांत मोठ्या काहिलीत पडे. तिला ग्रांद म्हणत. तिथून पुढच्या लहान काहिलीत, मग त्याहून लहान, आणि शेवटी बात्तरी नावाच्या सर्वांत लहान काहिलीत. जाळ या बात्तरीच्या खाली. एका काहिलीतून दुसरीत रस न्यायला नळ नव्हता की पंप नव्हता. लांब दांड्याचे डाव घेऊन गुलाम तो उकळता रस पुढे उपसत. रात्रपाळीला डोळा लागला, पाय घसरला, तर काय होत असेल ते गुऱ्हाळावर काम केलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. पाकाचा चटका पाण्यासारखा ओघळून जात नाही, तो चिकटून बसतो.

मालही चांगला निघत नसे. उघड्या काहिलीत तळ करपतो आणि वरचा रस नुसता तापत राहतो. ऊसाच्या रसातली साखर, म्हणजे सुक्रोज, आम्लधर्मी रसात जास्त वेळ तापली की फुटते आणि तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. ते दाणा धरत नाही, म्हणून साखर घटून काकवी वाढते. शिवाय लाकूड किती जाळावे लागे! दलदलीतली सायप्रसची जंगले तोडून त्याचे ढीग गाळपाआधी रचून ठेवावे लागत, आणि त्या लाकडाची बहुतेक उष्णता काहिलीच्या तोंडातून वाफेबरोबर आकाशात जाई.

मधल्या थरातला मुलगा

अशा या मुलखात १७ मार्च १८०६ रोजी न्यू ऑर्लिन्सला नॉर्बर्टचा जन्म झाला. वडील व्हिन्सेंट रिल्यू गोरे होते, मळेवाले होते आणि यंत्रांतले जाणकार होते. कापसाच्या गाठी दाबण्याचे वाफेवर चालणारे यंत्र त्यांनी तयार केले होते. आई कॉन्स्टन्स व्हिव्हांत मिश्र वंशाची, पण गुलाम नसलेली स्त्री. या दोघांना लग्न करायला कायद्याची मनाई होती. आई स्वतंत्र म्हणून मुलगाही स्वतंत्र जन्मला. एकीकडे गोरे, दुसरीकडे गुलाम आणि मध्ये हा स्वतंत्र पण काळ्या रक्ताचा म्हणून हिणवला जाणारा समाज, अशी त्या शहराची उतरंड होती. फ्रेंच चित्रकार एदगार देगा हा याच रिल्यू घराण्याच्या गोऱ्या शाखेतल्या मुलीचा नातू.

वडिलांनी मुलाला नाकारले नाही, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. मुलगा हुशार आहे हे ओळखून त्यांनी त्याला शिकायला पॅरिसला पाठवले. १८३० साली, वयाच्या २४व्या वर्षी, नॉर्बर्ट पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयात उपयोजित यंत्रशास्त्र शिकवू लागला. वाफेची इंजिने आणि वाफेची काटकसर यांवर त्याने लेखही छापले. पुढचे सगळे काम याच अभ्यासातून उगवले, म्हणून इथे थोडे थांबून त्याचा विचार नीट समजून घेऊ.

एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता पुरते. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. म्हणजे इंधनाचा मोठा हिस्सा वाफेत जाऊन बसतो. ती वाफ हवेत सोडली की तो हिस्सा गेला. ती अडवून दुसऱ्या भांड्यातल्या नळ्यांत नेली आणि तिथे तिचे पुन्हा पाणी होऊ दिले, तर ती सगळी उष्णता परत देते.

मग अडचण कुठे आहे? पाटाचे पाणी जसे उतारानेच वाहते, तशी उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडेच जाते. पहिल्या काहिलीतली वाफ १०० अंशांची आणि दुसऱ्या काहिलीतला रसही १०० अंशांच्या पुढेच उकळणार, म्हणजे उतारच उरला नाही. तो उतार तयार करायचा तर दुसऱ्या भांड्यातला रस कमी तापमानाला उकळला पाहिजे. महाबळेश्वरला डाळ शिजायला वेळ का लागतो? वर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० अंशांच्या चार-पाच अंश अगोदरच उकळते. भांडे बंद करून आतली हवा पंपाने खेचून घेतली, की महाबळेश्वरच काय, हिमालयाच्या शिखराहून कमी दाब तयार करता येतो आणि रस ५५-६० अंशांनाही उकळतो. इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉवर्डने १८१३ च्या सुमाराला असे निर्वात भांडे साखरेसाठी वापरलेही होते. पण त्याचे भांडे एकच होते आणि त्यातून निघालेली वाफ वायाच जात होती.

वाफ पुन्हा वापरायचे प्रयत्नही इतरांनी केले होते. या दोन गोष्टींची गाठ व्यवहारात टिकेल अशी रिल्यूने घातली. बंद भांडी ओळीने बसवायची. पहिल्याला बॉयलरकडची वाफ द्यायची. पहिल्यातल्या रसाची जी वाफ निघेल ती दुसऱ्याच्या नळ्यांत, दुसऱ्यातली तिसऱ्याच्या नळ्यांत. प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब मागच्यापेक्षा कमी ठेवायचा आणि शेवटच्या भांड्याला कंडेन्सर व निर्वात पंप जोडायचा. रस दाबाच्या फरकाने स्वतःच पुढे सरकतो, डावाने उपसावा लागत नाही. आता सुरुवातीचा हिशेब पुन्हा करून पाहा. ते ७५ किलो पाणी उडवायला एका भांड्यात साधारण ७५ किलो वाफ लागली असती. तीन भांड्यांत २५ किलो, चार भांड्यांत १९ किलोच्या आसपास. प्रत्यक्षात गळती धरून थोडी जास्त लागते, पण बचतीचे माप हेच.

पहिले अपयश आणि मर्टल ग्रोव्ह

कल्पना तयार होती, पण फ्रान्समध्ये ती यंत्रात उतरवायला कोणी पुढे आले नाही. १८३३ च्या सुमाराला न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड फॉर्स्टॉल या साखर कारखानदाराने त्याला मुख्य अभियंता म्हणून बोलावले. रिल्यू परतला, पण फॉर्स्टॉलचे आणि रिल्यू कुटुंबाचे वाकडे आले आणि ती नोकरी तिथेच संपली. फॉर्स्टॉल हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. सुरुवातीला एका मळ्यावर यंत्र बसवण्याचा प्रयत्न फसला. जमिनीच्या व्यवहारांत त्याने पैसा केला होता, तो १८३७ च्या मंदीत बुडाला. दहा वर्षे अशी गेली.

अखेर थिओडोर पॅकवूड या मळेवाल्याने धाडस केले. २६ ऑगस्ट १८४३ रोजी रिल्यूला ३,२३७ क्रमांकाचे अमेरिकन पेटंट मिळाले आणि १८४५ साली पॅकवूडच्या मर्टल ग्रोव्ह मळ्यावर तीन भांड्यांचा संच चालू झाला. यंत्र फिलाडेल्फियाच्या मेरिक अँड टाउन या कंपनीने घडवले होते. या वेळी ते चालले. साखर अधिक पांढरी निघाली आणि इंधन वाचले. पॅकवूड आणि त्याचा बेलशास मळ्यावरचा भागीदार ज्यूडा बेंजामिन यांच्या साखरेला १८४६ साली बक्षिसे मिळाली. बेंजामिन वकील होता, लिहिता होता. त्याने या यंत्राची बाजू जाहीरपणे मांडली. १० डिसेंबर १८४६ रोजी सुधारित यंत्राचे दुसरे पेटंट आले आणि दशक संपेपर्यंत लुइझियानातल्या डझनभर मळ्यांनी हा संच घेतला. पुढे तो क्युबात गेला.

विस्तार कार्यकर्त्यांनी यात एक गोष्ट जरूर पाहावी. मळेवाल्यांना नियम पटवून यंत्र खपले नाही. शेजारच्या मळ्यावर साखर पांढरी निघतेय आणि लाकडाचा ढीग लहान आहे, हे दिसल्यावर ते खपले. शिवाय रिल्यू स्वतः मळ्यावर जाऊन ते बसवून, चालवून, शिकवून येई.

आणि तिथेच त्याचा अपमानही होई. सर्वांत महागडे यंत्र बसवायला आलेला हा अभियंता मळेवाल्याच्या घरात उतरू शकत नव्हता. गोऱ्यांच्या पंगतीला बसण्याचा त्याला अधिकार नव्हता आणि गुलामांच्या झोपड्यांत ठेवणेही मळेवाल्याला शोभणारे नव्हते. मग त्याच्यासाठी वेगळे घर आणि सेवेला गुलाम अशी सोय केली जाई, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

या यंत्राने गुलामांची सुटका केली असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. तसे म्हणणे मला पटत नाही. डाव हातातून गेला, भाजण्याचा धोका कमी झाला, हे खरे. पण यंत्राचे सगळे गिऱ्हाईक गुलामांचे मालक होते. त्याची पाठराखण करणारा बेंजामिनसुद्धा शंभराहून अधिक गुलामांचा धनी होता आणि पुढे यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या सरकारात मंत्री झाला. साखर फायद्याची झाली की मळे वाढतात, आणि तोडणीच्या कोयत्याला तेव्हा यंत्राचा पर्याय नव्हता. लुइझियानातल्या गुलामांची सुटका युद्धाने आणि कायद्याने झाली, बाष्पीभवन संचाने नव्हे. त्या व्यवस्थेत कामाने मोठा झालेला रिल्यू स्वतः तिच्यात कुठेच बसत नव्हता.

१८५० नंतर हे जास्तच जाणवू लागले. न्यू ऑर्लिन्सला पीतज्वराच्या साथी येत. १८५३ च्या एका साथीत हजारो माणसे दगावली. रिल्यूने शहराचे सांडपाणी आणि भोवतालची दलदल निचरा करून काढण्याची योजना आखली. डासांमुळे हा ताप पसरतो हे अजून कोणाला ठाऊक नव्हते, पण साचलेले पाणी काढण्याचा त्याचा रोख बरोबर होता. योजना अडवली गेली, आणि विरोध करणाऱ्यांत पुढे होता तो हाच फॉर्स्टॉल. मधल्या थरातल्या स्वतंत्र माणसांवरची बंधने वर्षागणिक आवळत गेली. १८५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात काळ्या वंशाच्या माणसाला देशाचे नागरिकत्व नाही असा निकाल दिला. रिल्यूचा एक पेटंट अर्ज याच सुमाराला नागरिकत्वाच्या शंकेवरून परत आला असे सांगतात. त्यानंतर थोड्याच काळात तो कायमचा फ्रान्सला निघून गेला.

पॅरिसमध्येही वाट सोपी नव्हती. त्याच्या यंत्राचे आराखडे आधीच युरोपात पोहोचले होते. बीटापासून साखर काढणाऱ्या कारखानदारांनी ते अर्धवट समजून यंत्रे उभारली, ती नीट चालली नाहीत आणि दोष मात्र मूळ कल्पनेवर आला. रिल्यूने काही वर्षे साखरेकडे पाठ फिरवली आणि प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचा अभ्यास धरला. १८८० साली लुइझियानाचा एक जुना मळेवाला त्याला पॅरिसमध्ये भेटला तेव्हा हा म्हातारा अभियंता ग्रंथालयात ती लिपी उलगडत बसला होता. पण पुढच्याच वर्षी, वयाच्या ७५व्या वर्षी, त्याने बीट कारखान्यांसाठी रस तापवण्याच्या आणि आटवण्याच्या नव्या पद्धतीचे पेटंट घेतले. ८ ऑक्टोबर १८९४ रोजी पॅरिसला तो वारला.

तुमच्या कारखान्यात रिल्यू कुठे आहे

महाराष्ट्रातल्या कोणत्याही साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये गेलात तर उंच, गोल, काचेच्या खिडक्या असलेल्या बॉडी ओळीने उभ्या दिसतील. चार असतील तर क्वाड्रुपल, पाच असतील तर क्विंटुपल इफेक्ट. रिल्यूच्या भांड्यांत नळ्या आडव्या होत्या. मोराव्हियातल्या एका बीट कारखान्यात रॉबर्टने त्या उभ्या केल्या, म्हणून अशा बॉडीला रॉबर्ट बॉडी म्हणतात. तत्त्व तेच राहिले.

त्याचे नियम तीन. पहिला आपण पाहिलाच, जितकी भांडी तितक्या पट पाणी उडते. दुसरा नियम मला सर्वांत कामाचा वाटतो. मधल्या बॉडीतून थोडी वाफ काढून घेतली आणि तिने कच्चा रस तापवला, तर बचत त्या बॉडीच्या क्रमांकाला एकूण बॉडींनी भागून मिळते. चारांपैकी दुसरीतून १०० किलो वाफ काढली तर बॉयलरकडची ५० किलो वाचते, तिसरीतून काढली तर ७५. अर्थात तिसरीची वाफ थंड असते, तिच्याने रस थोडाच तापतो. तुमचा कारखाना व्हेपर ब्लीडिंग करतो असे सर्वसाधारण सभेत ऐकलेत तर ते हेच. तिसरा नियम हवेबद्दल. वाफेबरोबर आलेली हवा नळ्यांभोवती गोधडीसारखी गुंडाळून बसते आणि उष्णता पुढे जाऊ देत नाही, म्हणून ती सतत बाहेर काढावी लागते. नळ्यांवर क्षार साचले तरी परिणाम तसाच होतो. कारखाना क्लीनिंगला बंद आहे म्हणून तुमची गाडी गव्हाणीजवळ रांगेत उभी राहते, तेव्हा आत बहुतेक वेळा याच नळ्या साफ होत असतात.

वाफ वाचली की बॉयलरला बगॅस कमी लागतो. वाचलेल्या बगॅसवर आज सहवीजनिर्मिती चालते आणि ऊसदराच्या महसूल वाटपाच्या हिशेबात बगॅसही धरला जातो. म्हणून टनामागे किती वाफ लागते, हा आकडा वार्षिक अहवालात शोधून सभासदाने विचारायला हरकत नाही. गेल्या हंगामापेक्षा तो वाढला असेल तर कारण काय, हेही विचारा.

गुऱ्हाळवाल्यांना निर्वात भांडे परवडणार नाही, आणि गुळाला हवी ती चव व रंग उघड्या काहिलीतच येतो. पण उष्णता दुसऱ्यांदा वापरणे त्यांनाही जमते. धुराड्याकडे जाणाऱ्या गरम धुरावर एक जादा काहील बसवून पुढच्या आदणाचा रस तिच्यात तापवून ठेवा. चिपाड ओले जाळू नका, चांगले वाळवून घ्या, नाहीतर जाळाचा बराच भाग चिपाडातलेच पाणी उडवण्यात जातो. ऊस तोडल्यापासून गाळेपर्यंत वेळ जाऊ देऊ नका, कारण साखर चुलीवर फुटायच्या आधी उसातच फुटू लागते.

रिल्यूची पद्धत पुढे साखरेपुरती राहिली नाही. आटवलेले दूध, सरस, साबण, कागद गिरणीतला काळा द्राव, जिथे पातळ पदार्थ घट्ट करायचा तिथे ती पोहोचली. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्याची कबर आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये लुइझियानाच्या राज्य संग्रहालयात त्याच्या सन्मानार्थ फलक लागला तो १९३४ साली, जगभरच्या साखर उद्योगाच्या वतीने. तोवर तो ते शहर सोडून गेल्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली होती.